अक्कलदाढ: कधी काढायची, कधी राहू द्यायची आणि कधी रात्रीच दवाखाना गाठायचा

खालच्या जबड्यात अगदी मागे, कानाच्या खालच्या बाजूला ठणका लागला आहे. हिरडी सुजली आहे, घास गिळताना कळ येते आणि तोंड नेहमीसारखं उघडत नाही. वय १७ ते २५ च्या आसपास असेल तर बहुतेक वेळा याचं कारण अक्कलदाढ असते. मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात, दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि घरातला विषय संपतो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं, पुन्हा त्याच गोळ्या. या फेऱ्यात वर्ष-दोन वर्षं काढणारी माणसं प्रत्येक गावात आणि प्रत्येक चाळीत सापडतात.

मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. जिल्ह्याच्या नावात उपनगर असलं तरी गोराई, मनोरी आणि मढ ही खाडीकाठची गावं आणि आरेतले पाडे याच जिल्ह्यात आहेत. अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनच्या बाहेर दर दहा पावलांवर दाताचा दवाखाना दिसतो. मनोरीच्या माणसाला मात्र आधी मार्व्याची बोट पकडावी लागते. त्यामुळे ‘दुखलं की बघू’ हे धोरण खाडीपलीकडच्या माणसाला जास्त महागात पडतं.

दाढ अडते म्हणजे नेमकं काय होतं

मोठ्या माणसाच्या तोंडात पूर्ण दात ३२. त्यातल्या शेवटच्या चार म्हणजे अक्कलदाढा, दोन वर आणि दोन खाली. सगळ्यांना चारही येतातच असं नाही. जगभरात साधारण पाचातल्या एकाला यातली एक तरी दाढ मुळात तयारच होत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. शहाणपणाच्या वयात येते म्हणून ‘अक्कल’ दाढ. अरबीत आणि लॅटिनमध्येही तिचं नाव शहाणपणाशीच जोडलेलं आहे. कोरियन भाषेत मात्र तिला ‘प्रेमाची दाढ’ म्हणतात. वय तेच, फक्त त्या वयाकडे पाहण्याची नजर वेगळी.

ही दाढ सगळ्यात शेवटी येते, तोवर जबड्यातली जागा बहुतेक भरलेली असते. माणूस कच्चं आणि कडक खायचा त्या काळात जबडे मोठे होते. शिजवलेल्या मऊ अन्नाच्या हजारो वर्षांत ते लहान होत गेले, दातांची संख्या मात्र तेवढी घटली नाही. मग ही दाढ वाट मिळेल तशी येते. कधी पुढच्या दाढेच्या अंगावर कललेली, कधी चक्क आडवी, कधी मागे झुकलेली, तर कधी हाडातच बसून राहिलेली. पुढे कललेली दाढ सगळ्यात जास्त आढळते आणि हा त्रास वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात अधिक होतो.

यातली सगळ्यात त्रासदायक म्हणजे अर्धी बाहेर आणि अर्धी आत राहिलेली दाढ. तिच्यावर हिरडीची एक झालर टोपीसारखी राहते. त्या झालरीखाली शेंगदाण्याचा कूट, पोह्याचा दाणा किंवा भाजीचा धागा जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही, चूळ भरून निघत नाही. दोन-चार दिवसांत ते कुजतं, हिरडी फुगते, आणि फुगलेल्या हिरडीवर वरची दाढ चावते. त्यामुळे सूज आणखी वाढते. डॉक्टर याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. तोंडाला वास येणं, मागच्या बाजूने खारट-कडवट पू येणं, जबड्याखाली गाठ लागणं आणि कानात कळ जाणं ही त्याची लक्षणं. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले आणि तिथून दाताच्या डॉक्टरकडे पाठवलेले रुग्ण कमी नाहीत.

याहून मोठं नुकसान चुपचाप होतं. पुढे कललेली अक्कलदाढ शेजारच्या दाढेला जिथे टेकते तिथे अन्न अडकत राहतं आणि शेजारची दाढ मागच्या बाजूने किडते. ती कीड आरशात दिसत नाही. दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा ती नसेपर्यंत पोचलेली असते, कधी हिरडीच्या खाली गेलेली असते. मग रूट कॅनल करावं लागतं, आणि तेही जमलं नाही तर दाढ काढावी लागते. म्हणजे जिचा चावायला फारसा उपयोग नाही तिच्यापायी रोज भाकरी चावणारी दाढ जाते. अक्कलदाढेबद्दल लोक घाबरतात ते काढताना होणाऱ्या दुखण्याला. माझ्या मते घाबरायचंच असेल तर या शेजारच्या दाढेसाठी घाबरावं.

कधीकधी हाडात अडकलेल्या दाढेभोवती पाण्याची पिशवी तयार होते आणि ती आतून जबड्याचं हाड पोखरत जाते. हे क्वचित घडतं, पण दुखत नसल्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यांचीच काढायची का? नाही

सरळ आलेली, पूर्ण बाहेर निघालेली, ब्रश पोचेल अशी आणि वरच्या दाढेला नीट भिडणारी अक्कलदाढ बाकीच्या दाढांसारखीच असते. ती काढायचं कारण नाही. ‘आली आहे तर काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर ‘का?’ असं सरळ विचारावं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं होतं की अडकलेली पण निरोगी असलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. कीड, पू, हाडाचा आजार, पिशवी किंवा वारंवार होणारी हिरडीची सूज असेल तरच काढावी. सूज पहिल्यांदाच आली आणि साधी असेल तर थांबायचं, ती जोरदार असेल किंवा दुसऱ्यांदा आली तर काढण्याचा विचार करायचा, असा त्यांचा ढोबळ नियम.

आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा लागू करताना एक अडचण आहे. ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ हा सल्ला दर वर्षी तपासणीला जाणाऱ्या माणसासाठी ठीक आहे. आपल्याकडे बहुतेक लोक दुखल्याशिवाय दाताच्या खुर्चीत बसत नाहीत. म्हणून पुढे कललेली अर्धवट दाढ दिसली की इथले अनेक डॉक्टर काढायला सांगतात, आणि त्यामागे दर वेळी पैशाचा हिशोब असतो असं नाही. तुम्ही वर्षातून एकदा तपासणीला येणार असाल तर तसं डॉक्टरांना सांगा, सल्ला बदलू शकतो.

अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, असं पालक हमखास म्हणतात. या एका कारणासाठी दाढ काढावी असा पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात थोडे दाटतातच, अक्कलदाढ नसलेल्यांचेही.

आणि ‘दाढ काढली की नजर कमी होते’ हे तर घरोघरी ऐकू येतं. डोळ्याने दिसतं ती नस थेट मेंदूतून डोळ्याकडे जाते. दाढेला संवेदना देणारी नस वेगळी. दाढ काढल्याने चष्मा लागत नाही. दाढा काढायची वेळ बऱ्याचदा चाळिशीच्या आसपास येते आणि चाळिशीचा चष्माही त्याच सुमारास लागतो, त्यातून ही समजूत पक्की झाली असावी.

काढायचीच असेल तर उशीर करण्यात फायदा नाही. विशीच्या आत-बाहेर दाढेची मुळं पूर्ण झालेली नसतात आणि हाड तुलनेने लवचिक असतं. जखम लवकर भरते. पस्तिशी-चाळिशीत तेच काम कठीण जातं, सूज जास्त राहते आणि तोवर साखर किंवा रक्तदाबही सोबतीला आलेला असू शकतो.

मेडिकलची गोळी आणि आजीचा बटवा

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या खरोखर उपयोगी आहेत. दिवसातून चार-पाच वेळा कराव्यात, त्याने झालरीखालची घाण सैल होते. लवंग तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन लावला तर थोडा वेळ बधिरपणा येतो, पण बाटलीच ओतली तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवण्याची सवय काहींना असते. तिने तिथली त्वचा अक्षरशः जळते आणि पांढरी होऊन सोलून निघते.

मिश्री किंवा तंबाखूची चिमूट दाबून ठेवली की ठणका थांबतो असं सांगणारे अजून आहेत. तंबाखूने तात्पुरतं बधिर वाटतं हे खरं, पण हिरडीचं आणि गालाचं जे नुकसान होतं ते कायमचं असतं. गालावरून गरम शेक देणं हाही आवडीचा उपाय. आत पू असताना बाहेरून शेकलं तर सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाण्याची भीती असते. म्हणून तीव्र सूज असताना बाहेरून शेकू नये.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला ‘किडा’ पाडून दाखवणारे लोक गावागावांत होते, काही ठिकाणी आजही आहेत. थाळीत पडलेले पांढरे बारीक तुकडे दाखवले जातात. ते बियांमधले असतात, दाढेतले नव्हे. दातात अळी नसतेच. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना खोडून काढली होती. दात किडतो तो साखरेवर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लामुळे.

आता गोळ्यांबद्दल. वेदनाशामक गोळी डॉक्टरकडे पोचेपर्यंतची सोय म्हणून ठीक. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा किंवा गर्भधारणा असेल तर तीही न विचारता घेऊ नये. अँटिबायोटिकचं मात्र आपल्याकडे फार सैल झालं आहे. ‘दाढेची द्या’ म्हटलं की काउंटरवरून दोन पाकिटं येतात, दोन दिवस खाल्ली जातात आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी डब्यात ठेवल्या जातात. अशा अर्धवट औषधाने जंतू दबतात, मरत नाहीत. झालर तिथेच राहते, अन्न पुन्हा अडकतं. ताप, पसरणारी सूज किंवा तोंड न उघडणं नसेल तर अनेकदा अँटिबायोटिकची गरजही नसते. डॉक्टर झालरीखाली औषधी पाण्याने धुऊन काढतात, त्यानेच बराच आराम पडतो. दाढेसाठी नेहमी दिली जाणारी मेट्रोनिडाझोल ही गोळी चालू असताना दारू घेऊ नये, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसोबत ती धोकादायक ठरू शकते. काउंटरवर हे क्वचितच कुणी सांगतं.

हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका

खालच्या अक्कलदाढेचा पू जबड्याच्या आतल्या बाजूने गळ्याकडे उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली फळीसारखी घट्ट सूज येते, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज तोंडात बटाटा ठेवल्यासारखा होतो आणि श्वास अडायला लागतो. १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव या आजाराला पडलं. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आजही श्वासनलिका बंद होऊन माणूस काही तासांत जाऊ शकतो. साखर असलेल्यांना धोका जास्त.

म्हणून सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, ताप थंडी वाजून येत असेल, तोंडात एक बोटही जात नसेल, पाणी गिळताना त्रास होत असेल किंवा आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, तर दाताचा छोटा दवाखाना उघडण्याची वाट न पाहता अपघात विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. पश्चिम उपनगरात कूपर, पूर्वेकडे राजावाडी किंवा सायन. रुग्णाला झोपवू नका, बसवूनच न्या. १०८ ला फोन करताना ‘दाढ दुखते’ असं न सांगता ‘गळा सुजलाय, श्वास घ्यायला त्रास होतोय’ असं सांगा. गोराई-मनोरीकडच्यांनी रात्रीची बोट नसेल हे गृहीत धरून उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने निघावं, आणि सूज वाढते आहे असं दिवसा लक्षात आलं तर दिवसाच निघावं.

तोंड उघडत नाही, पण दाढेमुळे नाही

आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. बहुतेक निरोगी माणसांची जातात. अक्कलदाढेच्या सुजेमुळे तोंड कमी उघडतं ते दोन-चार दिवसांत, आणि सूज गेली की पुन्हा पूर्ववत होतं. पण महिनोन्‌महिने हळूहळू तोंड आवळत गेलं असेल, मिरची लागताच गालाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तर ते दुखणं वेगळं आहे. सुपारी, गुटखा आणि मावा खाणाऱ्यांना होणारा हा आजार म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

अक्कलदाढेशी याचा संबंध दोन प्रकारे येतो. तोंडच उघडत नसेल तर मागची दाढ काढणं फार अवघड होतं. आणि गालाच्या मागच्या भागातली जखम ‘दाढ घासते म्हणून’ असं समजून अंगावर काढली जाते. वाकडी दाढ गालाला घासून जखम होते हे खरं, पण दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याची, डॉक्टरला दाखवायलाच हवी. दाढ काढून पंधरा दिवस झाले तरी खड्डा भरत नसेल आणि तिथे मांस वाढत असेल, तरीही लगेच दाखवावं.

काढताना आणि काढल्यावर

आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. दाढ कशी बसली आहे, मुळं किती वाकडी आहेत आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या किती जवळ आहे, हे त्यात दिसतं. नस फार जवळ वाटली तर सीबीसीटी हा खास स्कॅन करायला सांगतात. तोंडात खूप सूज आणि पू असेल तर आधी ते शांत करून मग बहुधा दाढ काढली जाते.

सरळ दाढ साध्या दाढेसारखी निघते. अडकलेली असेल तर भूल देऊन हिरडी उघडतात, आवश्यक तेवढं हाड पाणी सोडत कोरतात, दाढेचे तुकडे करून ते काढतात आणि टाके घालतात. भूल लागल्यावर दाब आणि आवाज जाणवतो, कळ जाणवू नये. जाणवली तर हात वर करावा, भूल वाढवता येते. खालची नस दुखावल्यास ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहू शकते. शंभरात काहींना असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरं होतं. कायम राहण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. पण हा धोका आधी सांगून सही घेणं डॉक्टरचं काम आहे. सही करण्यापूर्वी ‘माझी नस किती जवळ आहे?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

त्यानंतरचे नियम साधे आहेत, तरी मोडले जातात. गॉज अर्धा-पाऊण तास दाबून ठेवायचं. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हीच जखमेची पट्टी असते. गालावर बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ धरायचा. जेवण थंड किंवा कोमट आणि मऊ: पेज, दहीभात, खिमट, आइस्क्रीम. वडापाव चार-पाच दिवस विसरावा. २४ तासांनंतर मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या सुरू करायच्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरते. लोकलला लोंबकळून कामाला जायचा विचार दोन-तीन दिवस सोडावा.

बरं वाटत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक जोरदार ठणका लागून कानापर्यंत गेला आणि वास यायला लागला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. घरी सोसण्यात अर्थ नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि आराम पडतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, त्या बंद केल्याने येणारा झटका दाढेतून येणाऱ्या रक्तापेक्षा वाईट. हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेत असाल तर आवर्जून सांगा, दाढ काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

कुठे जायचं

साधी दाढ नोंदणीकृत बीडीएस डॉक्टर काढतात. हाडात अडकलेली किंवा नसेजवळची असेल तर एमडीएस झालेल्या ओरल सर्जनकडे जावं किंवा त्यांना बोलावून घ्यावं. बरेच छोटे दवाखाने ठरावीक दिवशी सर्जनला बोलावतात, तो दिवस विचारून घ्या. खाजगीत खर्च दाढ किती खोल आहे यावर ठरतो. एक्स-रे, औषधं आणि टाके काढणं त्यात धरलंय का, हे आधीच विचारावं. पदपथावर टेबल मांडून दात काढणाऱ्याकडे जाऊ नये. त्याच्या हत्यारांमधून कावीळ आणि एचआयव्हीसारखे आजार येऊ शकतात.

परवडत नसेल तर मुंबईत दोन मोठी ठिकाणं आहेत. महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. अंधेरी-बोरिवलीकरांना पश्चिम रेल्वेने ते सोयीचं पडतं. राज्य सरकारचं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. मुलुंड-घाटकोपरकडून थेट गाडी आहे. दोन्हीकडे अडकलेल्या दाढा रोज काढल्या जातात. काम शिकाऊ डॉक्टर करतात तेव्हा वरिष्ठ लक्ष ठेवून असतात, पण वेळ लागतो आणि बऱ्याचदा पहिल्या फेरीत तपासणी व एक्स-रे होऊन पुढची तारीख मिळते. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

जाताना सकाळी लवकर निघा. आधार कार्ड, जुना एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. साखर असेल तर ताजा रिपोर्ट घ्या. पूर्ण बेशुद्धीची भूल सांगितलेली नसेल तर उपाशी जाऊ नका, थोडं खाऊनच जा, नाहीतर खुर्चीत चक्कर येते. आणि सोबत घरचं एक माणूस असू द्या, कारण परतताना तोंडात गॉज असतो आणि बोलता येत नाही.